प्रमाण आणि श्रद्धा : वडपे येथील एका व्यक्तिचित्राच्या निमित्ताने

'प्रमाण' हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो. चित्रकाराच्या तोंडी त्याचा अर्थ माप असा होतो. मस्तकाशी धडाचे, धडाशी पायांचे जे नाते, ते प्रमाण. शास्त्रकाराच्या तोंडी त्याचा अर्थ ज्ञानाचे साधन किंवा पुरावा असा होतो. आचार्य दिङ्नाग आणि त्यांच्यानंतर आचार्य धर्मकीर्ती यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. कोणी मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हा बौद्ध न्यायाचा बाणा होय. जुन्या छायाचित्रावरून एखाद्या व्यक्तीचे चित्र रंगविताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. छायाचित्रात जे दिसते ते प्रत्यक्षाच्या जागी असते. जे दिसत नाही ते चित्रकाराला अनुमानाने भरावे लागते. अनुमान चुकले की माप चुकते, आणि माप चुकले की पुरावाही बिघडतो.

हा विचार मनात येण्यास कारण घडले ते भिवंडी तालुक्यातील वडपे येथील एक चित्र. मुंबई-नाशिक महामार्गालगतचे हे गाव आज गोदामे आणि मालमोटारींच्या वर्दळीने वेढलेले आहे. तेथील एका विहारात प्रवचनाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. बुद्धमूर्तीच्या उजव्या हातास, भिंतीवर, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पूर्णाकृती तैलचित्र नुकतेच लावण्यात आले होते. विषय धम्मदीक्षेचा, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाचा. उपासक-उपासिकांनी वर्गणी काढून ते करवून घेतले होते, आणि ते आम्हास दाखविताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहता त्या चित्राविषयी काही उणे लिहावे असे वाटत नव्हते. तरीही आम्ही लिहीत आहोत. याचे कारण असे की, त्या चित्रात झालेली चूक केवळ वडप्याची नाही. ती आपल्या शेकडो विहारांत होत आली आहे, आणि तिचा संबंध केवळ रंगरेषांशी नसून आपल्या धम्मदृष्टीशी आहे.

चित्राचे गुण

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. चित्रकार तरुण आहे आणि त्याच्या हातात कसब आहे. बाबासाहेबांचे रुंद कपाळ, चष्म्यामागील किंचित थकलेले पण निश्चयी डोळे, ओठांची मिटलेली ठेवण ही त्याने मन लावून उतरविली आहेत. आपल्या बहुतेक भिंतीचित्रांत दिसणारा झगझगीत निळा सूट येथे नाही. त्या दिवशी बाबासाहेबांनी पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट परिधान केला होता, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात नमूद आहे, आणि चित्रकाराने तीच नोंद प्रमाण मानली आहे. पांढऱ्यावर पांढरे रंगविणे सोपे नसते. सावलीतील धोतराच्या चुण्यांना त्याने फिकट निळसर व राखी छटा देऊन जो जिवंतपणा आणला आहे, तो दाद द्यावा असाच आहे.

असे असूनही चित्रासमोर चार पावले मागे सरून उभे राहिले की काहीतरी खटकते. चेहरा बाबासाहेबांचा आहे, पण उभा असलेला माणूस बाबासाहेब वाटत नाही. आमच्या शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध उपासिकेने हेच अधिक थोडक्यात सांगितले. तिचे वडील नागपूरच्या दीक्षा समारंभास गेले होते आणि त्या दिवसाची हकीकत ते घरात पुनःपुन्हा सांगत असत. ती म्हणाली, "सर, चित्र छान आहे, पण बाबांची काठी कुठे गेली?"

तीन छायाचित्रांचा एक देह

चित्रकाराशी बोलता सर्व उलगडा झाला. त्याच्यापुढे एका पुस्तकात छापलेले, बाबासाहेबांच्या अखेरच्या काळातील छायाचित्र होते. त्यात ते काठी टेकून, किंचित पुढे झुकून उभे होते. ही छपाई गुडघ्यांपाशी कापलेली होती. पाय दिसतच नव्हते. चेहराही छपाईच्या ठिपक्यांत हरवलेला होता. म्हणून चेहरा त्याने दुसऱ्या, अधिक स्पष्ट आणि काही वर्षे आधीच्या छायाचित्रावरून घेतला. पाय कोठून आणले, असे विचारता तो निखळपणे म्हणाला, "सर, इंटरमीजिएटच्या परीक्षेला आठ डोक्यांचा माणूस शिकवतात, त्या हिशोबाने काढले." आणि काठीचे काय? "काठी मी काढली होती. कमिटीची मंडळी म्हणाली, बाबासाहेब काठीवर नकोत. मग ती पुसली आणि हात सरळ सोडला."

याचा अर्थ असा की, या एका आकृतीत मस्तक एका काळचे, धड दुसऱ्या काळचे आणि पाय कोणत्याच काळचे नाहीत. आम्ही सुतळी घेऊन मापे घेतली. चित्रातील मस्तक हनुवटीपासून टाळूपर्यंत सव्वासात इंच आणि आकृतीची उंची ५८ इंच, म्हणजे बरोबर आठ मस्तके भरली. धड मात्र छापील छायाचित्राच्या मापात राहिले होते, आणि त्या मापाने मस्तक सात इंचांचेच हवे होते. पाव इंचाचा हा फरक डोळ्यांस जाणवतही नाही. परंतु त्याला आठाने गुणले की दोन इंच होतात. मस्तकाचे माप हे चित्रकाराचे नाणे आहे. नाणेच खोटे निघाले तर सारा हिशेब खोटा होतो.

याहून मोठी चूक आठ या आकड्याची आहे. आठ मस्तकांची उंची हा कलाशाळेतील आदर्श पुरुषाचा ठोकताळा होय. प्रत्यक्षातील प्रौढ माणूस साधारणतः साडेसात मस्तकांचा भरतो. वय वाढते तसतसा पाठीचा कणा दबतो, माणूस वाकतो, आणि मस्तक ते कंबर हे अंतर कमी होते. पायांच्या हाडांची लांबी मात्र तीच राहते. त्यामुळे वाकून उभा असलेला वृद्ध पुरुष सात, फार तर सव्वासात मस्तकांचाच दिसतो. या चित्रात सात इंचांच्या मस्तकाने हिशेब केला तर उंची ४९ ते ५१ इंचांच्या आसपास यावयास हवी होती. वर उरलेले सातएक इंच गेले कोठे? धड तर छायाचित्रातून आलेले, तेथे जागा नव्हती. ते सर्व धोतराखाली गेले. सूट असता तर विजारीच्या घडीवरून गुडघा कोठे आहे ते कळले असते आणि चूक लगेच उघडी पडली असती. धोतराने ती झाकली, पण लपविली नाही. चित्र खटकते ते यामुळे.

कॅमेऱ्याचे म्हणणे काय असते

छायाचित्र म्हणजे निखळ सत्य, असा आपला एक भाबडा समज असतो. छायाचित्र साक्षीदार आहे हे खरे. पण साक्षीदार कोठे उभा होता हे विचारल्यावाचून त्याची साक्ष वाचता येत नाही. १९५० च्या दशकात वृत्तछायाचित्रकारांच्या हाती बहुधा दोन भिंगांचा, वरून पाहावयाचा कॅमेरा असे. तो छातीच्या किंवा पोटाच्या उंचीवर धरावा लागे. त्यामुळे उभ्या माणसाचा चेहरा किंचित खालून टिपला जाई. खालून पाहिले की हनुवटी व जबडा भरदार दिसतो, मान आखूड होते आणि कपाळ मागे सरते. वक्ता मंचावर आणि छायाचित्रकार खाली असला तर हा परिणाम अधिकच वाढतो. वडप्याच्या चित्रात धड असे खालून पाहिलेले आहे आणि मस्तक मात्र समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेले आहे. म्हणूनच मान खांद्यांतून उगवल्यासारखी न वाटता खांद्यांवर ठेवल्यासारखी वाटते.

समूहचित्रांतून एखादी व्यक्ती वेगळी काढतानाही असेच घडते. कडेला उभी असलेली माणसे भिंगामुळे रुंदीत थोडी ताणली जातात. पुढच्या रांगेतील माणसाचे गुडघे आणि हात कॅमेऱ्याजवळ असल्याने मोठे दिसतात. फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहावरील कौटुंबिक छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी हा कुत्रा त्यात एकत्र आहेत. माता रमाईंची छायाचित्रे अत्यल्प, आणि पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, त्यांचे निधन झाले. अशा वेळी या एका छायाचित्रातील दोघांचे परस्परांशी असलेले माप हा केवढा अमोल पुरावा आहे! परंतु आपल्याकडील जोडचित्रांत बाबासाहेब एका छायाचित्रातून आणि रमाई दुसऱ्यातून घेऊन शेजारी बसविण्यात येतात. कधी रमाईंचे मस्तक लहान होते, कधी खांद्यांची रेषा जुळत नाही. ज्या माउलीने संसाराचा सारा भार उचलला, तिच्या खांद्यांचे माप तरी आपण नीट घेऊ नये काय?

आणखी एक प्रकार तर त्याहून दूरचा. अनेक रंगारी छायाचित्रावरूनही चित्र काढीत नाहीत. पुतळ्याच्या छायाचित्रावरून काढतात. संसद परिसरातील शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला ब्राँझचा पुतळा २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावृत झाला. पुढे उंचावलेला उजवा हात आणि डाव्या हाती ग्रंथ ही ठेवण गावोगाव पोहोचली. पुतळा खालून पाहावयाचा असतो. शिल्पकार पाहणाऱ्याची जागा धरूनच देहाची मापे ठरवीत असतो. अशा पुतळ्याचे छायाचित्र समोरासमोरच्या भिंतीवर चौकटी आखून उतरविले की, पुढे आलेला हात लांबच लांब होतो आणि मस्तक आखडते. पुतळ्याला जे शोभते ते चित्राला शोभेलच असे नाही.

दोन प्रकारची मापे

येथे कोणी म्हणेल की, बौद्ध परंपरेत तरी यथातथ्य देहाचे चित्रण कोठे आहे? प्रश्न योग्य आहे. दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाची बत्तीस लक्षणे सांगितली आहेत, आणि त्यांतील काही तर सरळ मापांचीच आहेत. देहाची उंची आणि पसरलेल्या बाहूंचा विस्तार समान असणे, म्हणजेच निग्रोधपरिमंडल, हे एक लक्षण. उभ्याने, न वाकता हात गुडघ्यांना लागणे हे दुसरे. भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर काही शतके शिल्पकारांनी त्यांचे मानवी रूप घडविलेच नाही; सांची व भरहुत येथे बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे आणि रिकामे आसन यांनीच त्यांचा निर्देश होतो. पुढे मूर्ती घडू लागल्या तेव्हा समोर ना छायाचित्र होते, ना पाहणारा साक्षीदार. आपल्याच ठाणे परिसरातील कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात सुमारे सात मीटर उंचीच्या ज्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत, त्या कोणा एका देहाच्या प्रतिकृती नाहीत. त्या करुणेच्या आणि प्रज्ञेच्या प्रतिमा आहेत. तेथे लक्षणांचे माप हेच योग्य माप होय.

गंमत अशी की, त्याच लेण्याच्या दर्शनी भिंतीवर दानी स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. त्यांचे भरदार देह, वळलेल्या कमरा, दागिन्यांच्या भाराने झुकलेले कान पाहिले की, शिल्पकाराने माणसे डोळ्यांनी पाहिली होती हे कळते. एकाच भिंतीच्या परिसरात दोन प्रकारची मापे नांदतात, आणि दोहोंत गल्लत होत नाही.

बाबासाहेब या दोहोंपैकी कोठे येतात? ते इतिहासातील पुरुष आहेत. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे ते जन्मले, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले, आणि त्यांची अनेक छायाचित्रे आपल्यापाशी आहेत. त्यांना बत्तीस लक्षणांच्या मापात बसविण्याची गरज नाही; बसवू नये असेही आम्ही म्हणू. भगवान बुद्धाच्याही भोवती रचलेल्या अद्भुताला बाबासाहेबांनी बुद्धीची कसोटी लावली. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून गृहत्याग केला ही रूढ कथा त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीच विचाराला पटत नाही म्हणून बाजूस सारली. आणि त्याच ग्रंथात भगवंतांच्या व्यक्तिमत्त्वाचे वर्णन करताना प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीला स्वतंत्र स्थान दिले. ज्याने साक्षीला एवढा मान दिला, त्याच्याविषयीची साक्ष आपण खोडावी, हे सुसंगत नाही.

काठीचा प्रश्न

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. समितीच्या मंडळींची भावना आम्ही समजू शकतो. त्यांतील एक कार्यकर्ते आम्हास म्हणाले, "सर, पोरं रोज हे चित्र बघणार. त्यांना बाबासाहेब ताठ उभे दिसायला पाहिजेत." ज्या समाजाला शतकानुशतके वाकावयास लावले, त्याने आपल्या मुक्तिदात्याला वाकलेले पाहू नये, हे वाटणे स्वाभाविक आहे. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु तिने प्रत्यक्षात काय साधले ते पाहावे.

काठी टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या देहाचा भार तीन ठिकाणी वाटलेला असतो. काठीकडचा खांदा किंचित वर उचलला जातो, दुसरा उतरतो, कंबर एका बाजूस कलते. छायाचित्रातील धडात हे सर्व होते आणि चित्रकाराने ते प्रामाणिकपणे उतरविलेही होते. मग काठी पुसली गेली. खांदा उचललेलाच राहिला, पण कशामुळे उचलला ते कारण नाहीसे झाले. धड पुढे झुकलेलेच राहिले, पण त्याला आधार उरला नाही. परिणामी ताठ दिसावे म्हणून ज्यांची काठी काढली ते बाबासाहेब या चित्रात तोल जात असल्यासारखे दिसतात. हात सरळ सोडला तोही खोटा पडला; कारण आधार घेणारा हात कोपरात किंचित वाकलेला असतो आणि त्या बाहूची बाही तशीच वाकलेली राहिली आहे. देहाचे प्रमाण हा सुट्या मापांचा ढीग नव्हे. एक अवयव दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो. पटिच्चसमुप्पादाची ओळख असलेल्या वाचकास याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक चुटपुट लावणारी आहे. गुडघ्यांखाली कापलेल्या छायाचित्रात पायांची लांबी कळण्यास साधन कोणते होते? ती काठीच. चालण्याच्या काठीची उंची ठरविण्याची सर्वसाधारण रीत अशी की, माणूस हात सोडून ताठ उभा राहिला असता तिची मूठ मनगटाच्या सांध्याशी यावी. ही उंची माणसाच्या पूर्ण उंचीच्या जवळजवळ निम्मी असते. सात इंचांचे मस्तक धरून साडेसात मस्तकांची ताठ उंची साडेबावन्न इंच होते. तिचे निम्मे म्हणजे सव्वीस इंच. छायाचित्रातील काठीच्या मुठीपासून खाली सव्वीस इंच मोजले की जमीन कोठे आहे ते सापडले असते, आणि झुकलेल्या धडासह एकूण उंची पन्नास इंचांच्या जवळपास आपोआप आली असती. नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर, न दिसणाऱ्या पायांच्या अनुमानाला काठी हा हेतू होता. हेतूच पुसून टाकल्यावर अनुमान परीक्षेच्या पुस्तकातून आणावे लागले.

आणि धम्माच्या दृष्टीने काठीत कमीपणा तो कसला? विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. भिक्खूने दंड घेऊन फिरू नये असा नियम होता. एक भिक्खू आजारी होता, काठीवाचून त्याला चालता येईना. तेव्हा भगवंतांनी आजारी भिक्खूस 'दंडसम्मुती' देण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे त्याने संघापुढे विनंती करावी आणि संघाने ठराव करून त्याला काठी वापरण्याची संमती द्यावी. आजारी माणसाच्या हाती काठी देणे हे संघाने एकत्र बसून करावयाचे काम आहे, असे विनय सांगतो. आपल्या समित्या मात्र एकत्र बसून ती काढून घेण्याचा ठराव करतात!

त्रिपिटकाने स्वतः भगवंतांचे वार्धक्यही झाकलेले नाही. संयुत्तनिकायातील जरासुत्तात सावत्थीच्या पुब्बारामात संध्याकाळच्या उन्हात पाठ शेकत बसलेल्या भगवंतांचे अंग आनंद चोळतात, आणि कातडी पूर्वीसारखी तेजस्वी राहिली नाही, अवयव सैल झाले, देह पुढे झुकला, असे विस्मयाने बोलून दाखवितात. भगवंत ते नाकारीत नाहीत. महापरिनिब्बाणसुत्तात ते आपल्या ऐंशी वर्षांच्या देहाला दोऱ्यांनी बांधून चालविलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. उदानातील लकुण्टक भद्दिय हे ठेंगणे आणि कुरूप दिसणारे अर्हंत. इतर भिक्खूंनी त्यांना हिणविले तेव्हा भगवंतांनी त्यांची थोरवी सांगितली. संगीतिकारांनी त्यांना थोर ठरविण्यासाठी त्यांची उंची एक अंगुळही वाढविली नाही. थोरवी आणि उंची या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दाखविण्यासाठीच तर ती कथा जतन झाली.

ताठ बाबासाहेब मुलांना दाखवावयाचे असतील तर जरूर दाखवावेत. गोलमेज परिषदेच्या काळातील त्यांची छायाचित्रे आहेत, त्यांवरून चित्र करवावे. तो ताठपणा खरा आहे. पण चित्र १४ ऑक्टोबर १९५६ चे असेल तर त्यात पासष्ट वर्षांचा, मधुमेहाने आणि सांधेदुखीने पोखरलेला देह असणार. त्या देहाने नागपूरची दीक्षा पार पाडली, नोव्हेंबरात काठमांडूपर्यंत प्रवास केला, ग्रंथाचे हस्तलिखित तडीस नेले आणि दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी विश्रांती घेतली. काठी पुसली की हा सारा प्रयास पुसला जातो. निरोगी माणसाने मंचावर उभे राहणे यात विशेष काही नाही. ज्याला उभे राहणे कठीण होते तो आपल्यासाठी उभा राहिला, यात सर्व काही आहे. वडप्याच्या मुलांना हे सांगणारी एकच वस्तू त्या चित्रात होती.

काही सूचना

टीका करून थांबणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. विहार समित्या आणि चित्रकार यांच्या विचारार्थ काही गोष्टी येथे मांडतो. मस्तक आणि धड शक्यतो एकाच छायाचित्रातून घ्यावे. चेहरा अस्पष्ट असेल तर दुसरे छायाचित्र केवळ बारकाव्यांसाठी, त्याच सुमाराच्या काळातले आणि त्याच कोनातले, समोर ठेवावे; माप मात्र पहिल्याच छायाचित्राचे पाळावे. छायाचित्र कापलेले असेल तर पूर्ण छपाई असलेली प्रत शोधावी; ती न मिळाल्यास खुर्ची, मेज, काठी अशी ज्ञात मापाची वस्तू चित्रात आहे का ते पाहावे. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट असते, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. मुळीच आधार नसेल तर चित्र गुडघ्यांशी किंवा छातीशीच थांबवावे. न दिसलेले न रंगविणे यात काही उणेपणा नाही. चौकटी आखून मोठे करताना दर टप्प्यावर चित्र आरशात उलटे पाहावे. प्रमाणातील चूक आरशात चटकन दिसते.

अलीकडे जुनी कृष्णधवल छायाचित्रे संगणकावर रंगवून आणि 'स्वच्छ' करून भ्रमणध्वनीवर फिरविली जातात. त्यांत सुरकुत्या जातात, खांदे सरळ होतात, जबडा रेखीव होतो. चित्रकारांनी अशी प्रत आधारास घेऊ नये. ती पाहणाऱ्याने काढलेली नाही; आवडणाऱ्याने सजविलेली आहे.

कालिंगबोधि जातकात आनंदांना चैत्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. उद्देशिक, म्हणजे केवळ निर्देशासाठी केलेले, हे वस्तूचा आधार नसलेले, मनाच्या कल्पनेवर उभे असलेले असते असे तेथे म्हटले आहे. बुद्धमूर्ती त्या प्रकारात येते. बाबासाहेबांच्या छायाचित्रास मात्र वस्तूचा आधार आहे. त्यांच्या देहावरून परावर्तित झालेल्या प्रकाशानेच ते उमटले आहे. असा आधार हाती असता तो सोडून कल्पनेकडे जाणे म्हणजे मिळालेला ठेवा टाकून देणे होय.

निघताना आम्ही चित्रकारास ही सर्व मापे कागदावर लिहून दिली. तैलरंगाचा एक गुण असा की, वाळलेल्या थरावर पुन्हा रंगविता येते. धोतराची किनार सात इंच वर घेणे, जमिनीची रेषा उचलणे, उजव्या बाहूच्या वळणाखाली हात पुन्हा बसविणे हे त्याच्या आवाक्यातले काम आहे, आणि तो करावयास तयार आहे. समितीने आपल्या पुढील सभेत विषय घेण्याचे मान्य केले आहे. ती आजी विहाराच्या पायऱ्या उतरत होती. तिच्याही हाती काठी होती. शेवटच्या पायरीवर थांबून तिने चित्रकाराला सांगितले, "पोरा, बाबांची काठी परत दे. त्यांनी लाजून कधी लपवली नव्हती."

समितीच्या सभेत आमच्या मापांपेक्षा हे वाक्य वाचून दाखविले जावे, एवढीच आमची विनंती आहे.